वाचकांचे प्रश्न : नदी नसलेलं सिएना

गेल्या अंकात इटलीतल्या सिएना या टेकडीवरच्या जुन्या शहरातल्या माझ्या मुक्कामाबद्दल दोन पानं लिहिली होती. त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना स्वतंत्र उत्तर पाठवणं जमणार नाही, म्हणून निवडक प्रश्न इथे घेते. मी इतिहासाची अभ्यासक नाही. एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात अभियंता म्हणून काम केलं आणि निवृत्त झाले. मुलगी सिएनाच्या विद्यापीठात संशोधन करत होती, त्या काळात तीन खेपांत मिळून सात महिने तिथे राहिले. त्यामुळे पाण्याबद्दल जास्त बोलले तर समजून घ्या.

प्रश्न : आमच्या टूरमध्ये फ्लॉरेन्सहून सिएनाची अर्ध्या दिवसाची फेरी आहे. तेवढ्यात काय काय पाहून होईल?
– एक वाचक, डोंबिवली

अर्ध्या दिवसात काम्पोचा चौक आणि कॅथेड्रल होईल, तेही घाईत. जमत असेल तर टूरवाल्यांना एक दिवस सोडा आणि रात्री सिएनात राहा. संध्याकाळी पाचच्या सुमारास प्रवाशांच्या बसगाड्या निघून जातात आणि मग गाव गावाचं होतं. म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन बाहेर पडतात. शाळकरी पोरं चौकाच्या उतारावर दप्तरं टाकून बसतात. जुन्या गावात मोटारींना १९६० च्या दशकातच बंदी झाली, त्यामुळे गल्लीत बोललेलं वरच्या खिडकीत ऐकू येतं. हे ऐकायला तरी एक रात्र राहा.

फ्लॉरेन्सहून बसने सव्वा तास, रेल्वेने दीड तास लागतो. बस बरी, कारण ती जुन्या गावाच्या तोंडाशी सोडते. रेल्वे स्टेशन खाली दरीत आहे.

प्रश्न : सिएनाला नदी नाही, तरी मध्ययुगात ते फ्लॉरेन्सशी टक्कर देत होतं, असं तुम्ही लिहिलंत. मग एवढ्या माणसांना पाणी कुठून मिळायचं? आमच्या नहर-ए-अंबरीसारखी काही सोय होती का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला. सिएनाला लाखो लोक जातात, पण पायांखाली काय आहे हे विचारणारे थोडे.

आधी गाव तिथे का वसलं ते सांगते. सिएना समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर उंचीवर आहे. डोंगराच्या तीन सोंडा जिथे एकत्र येतात, त्या जागी. आजही शहराचे तीन भाग मानतात आणि त्यांना ‘तेर्झी’ म्हणजे तिसरे हिस्से म्हणतात : चित्ता, सान मार्तीनो आणि कामोल्लिया. रोमन काळात इथे ‘साएना यूलिया’ नावाची छोटी वसाहत होती. गावाला ऊर्जितावस्था आली ती व्हिया फ्रान्चीजेना या रस्त्यामुळे. इंग्लंडातल्या कँटरबरीहून फ्रान्स आणि आल्प्स ओलांडून रोमला जाणारा हा यात्रेचा मार्ग डोंगराच्या धारेवरून सिएनाच्या मधोमध जात होता. यात्रेकरू आले, त्यांच्यामागे व्यापारी आले, आणि व्यापाऱ्यांतूनच सावकार तयार झाले. तेरावं शतक येईपर्यंत सिएनाच्या पेढ्या सबंध युरोपात पैसे फिरवत होत्या. फक्त पाणी नव्हतं. नदी नाही, तळं नाही, जवळपास मोठा झरा नाही.

आता जमिनीखाली काय आहे ते पाहा. सिएनाची टेकडी वरून वाळूची आणि ठिसूळ वालुकाश्माची आहे. तिथले लोक या दगडाला ‘तूफो’ म्हणतात. त्याच्या खाली चिकणमातीचा थर आहे. पाऊस वाळूत मुरतो आणि चिकणमातीवर येऊन थांबतो. म्हणजे पाणी होतं, पण टेकडीच्या पोटात थेंबाथेंबाने पसरलेलं. सिएनाच्या लोकांनी आडवे बोगदे खणायला घेतले. हा बोगदा नुसता पाणी वाहून नेत नाही, तो स्वतःच पाणी गोळा करतो. भिंतींतून आणि छतातून पाझर खाली येतो, तळातल्या छोट्या पाटात उतरतो आणि चालू लागतो. आडवी विहीरच म्हणा ना.

या बोगद्यांना ‘बोत्तीनी’ म्हणतात. छत पिंपासारखं गोल, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. सगळी लांबी मिळून साधारण २५ किलोमीटर भरते. उंची माणूस जेमतेम ताठ उभा राहील एवढी, रुंदी एक माणूस चालेल एवढी. समोरून दुसरा आला तर दोघांनाही अंग चोरावं लागतं. तळाचा पाट म्हणजे ‘गोरेल्लो’. त्याचा ढाळ हजारात एक, म्हणजे एक किलोमीटर गेल्यावर एक मीटर उतार. लेव्हलिंगचं यंत्र हाताशी असतानाही हजारात एकचा ढाळ सलग राखताना आम्हाला किती कष्ट पडायचे, ते मला ठाऊक आहे. थोडा जास्त दिला तर पाट झिजतो, थोडा कमी दिला तर गाळ बसतो. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या माणसांनी तेलाच्या दिव्याच्या उजेडात कुदळीने हा ढाळ साधला. नगरपालिकेकडे आधी नाव नोंदवून मी एका छोट्या गटाबरोबर आत गेले. बाहेर जुलैचं ऊन होतं आणि आत अंगावर शाल घ्यावीशी वाटली. सगळीकडे ठिबकण्याचा आवाज. मी पाटात बोट बुडवलं, तर पाणी हळू पण न थांबता चाललेलं होतं. त्या दिवशी मुलीशी मी फारसं बोलू शकले नाही.

आत भिंतीवर जागोजागी संगमरवराच्या लहान पाट्या दिसतात. पुढच्या काळात खासगी घरांना पाणी मिळू लागलं, त्या नळजोडांच्या या खुणा. पाणी ‘दादो’ या मापाने मोजून द्यायचे. एक दादो म्हणजे दिवसरात्र मिळून साधारण ४०० लिटर.

बोगद्यातलं पाणी बाहेर येतं ते सार्वजनिक कारंज्यांत. कारंजं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उडतं पाणी येतं. इथली जुनी कारंजी म्हणजे कमानींखालचे मोठे हौद. त्यातलं सर्वांत नावाजलेलं फोंतेब्रांदा. त्याचा लेखी उल्लेख १०८१ सालापासून सापडतो आणि आजच्या तीन टोकदार कमानी १२४६ च्या बांधकामातल्या आहेत. पहिल्या हौदातलं पाणी माणसांच्या पिण्याचं. तो भरून वाहिला की पाणी दुसऱ्यात, जनावरांच्या दोणीत. तिथून पुढे धुण्याच्या हौदात, आणि तिथून खाली रंगाऱ्यांकडे, कातडी कमावणाऱ्यांकडे आणि पाणचक्क्यांवर. एकच पाणी, पण कुणाच्या आधी कोण हे ठरलेलं, आणि वरच्या हौदात घाण करणाऱ्याला दंड. नोकरीत असताना आमच्या एका गावाच्या योजनेत खर्च वाचवायला जनावरांची दोणी आराखड्यातून काढली गेली. वर्षभरात नळाच्या ओट्यावर म्हशी उभ्या राहू लागल्या आणि बायका चिखलातून हंडे नेऊ लागल्या. तो आराखडा माझ्याही टेबलावरून गेला होता. फोंतेब्रांदाच्या दुसऱ्या हौदापाशी मला तो ओटा आठवला.

याच फोंतेब्रांदाच्या वस्तीत १३४७ साली एका रंगाऱ्याच्या घरी सिएनाची संत कातेरीना जन्मली. पोपने फ्रान्समधलं आव्हिन्यों सोडून रोमला परत यावं म्हणून तिने पत्रं लिहवून घेतली, स्वतः जाऊन भेटली. १३८० मध्ये ती रोमला वारली. तिचं मस्तक वरच्या टेकडीवरच्या सान दोमेनिकोच्या चर्चमध्ये जपून ठेवलं आहे.

तरीही पाणी पुरत नसे. शहराखाली ‘दियाना’ नावाची गुप्त नदी वाहते, अशी लोकांची श्रद्धा होती आणि तिच्या शोधात त्यांनी पैसा घातला. फ्लॉरेन्सचा कवी दान्ते याने त्यावरून सिएनाकरांची थट्टा केली आहे. मला ती थट्टा आवडत नाही. ज्याच्या दारातून आर्नो नदी वाहते, त्याला तहानेने खणणाऱ्यांचं दुःख कसं कळावं?

काम्पोच्या चौकात पाणी पोचलं ते १३४० च्या दशकात. चौक उंचावर, त्यामुळे बोगदा उत्तरेकडून, दुरून आणि वरून सुरू करावा लागला. पाणी आलं तेव्हा झालेल्या जल्लोषावरून त्या कारंज्याचं नाव ‘फोंते गाया’, म्हणजे आनंदाचं कारंजं, पडलं असं सांगतात. तिथे लोकांनी जमिनीत सापडलेली व्हीनसची एक प्राचीन मूर्ती कौतुकाने बसवली होती. पुढे महामारी आली, लढायांत हार झाली आणि दोष मूर्तीवर गेला. १३५७ मध्ये ती उतरवली. तिचे तुकडे करून ते शत्रूच्या, म्हणजे फ्लॉरेन्सच्या हद्दीत पुरले, असं शिल्पकार गिबेर्ती लिहून गेला आहे. आजच्या कारंज्याची रचना याकोपो देल्ला क्वेर्चाची, १४०९ ते १४१९ मधली. पण चौकात दिसतात त्या एकोणिसाव्या शतकातल्या प्रतिकृती. झिजलेली मूळ शिल्पं सांता मारिया देल्ला स्काला या जुन्या इस्पितळात ठेवली आहेत, ती जरूर पाहा.

नहर-ए-अंबरीशी तुलना योग्यच आहे. तिथेही पाणी जमिनीखालून आणि फक्त ढाळावर येतं. मलिक अंबरची नहर सतराव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे बोत्तीनींपेक्षा बरीच नंतरची. घरोघरच्या नळांसाठी सिएनाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोंते अमियाता या डोंगरावरून पाणी आणलं. पण कारंज्यांत आजही बोत्तीनींचंच पाणी येतं. तुमची नहर आज कुठे चालू आहे, कुठे बुजली, हे मला सविस्तर लिहून कळवाल का?

प्रश्न : कॅथेड्रलच्या शेजारी एक प्रचंड भिंत नुसतीच उभी आहे, तिच्यामागे काहीच नाही. गाइड एक वाक्य बोलून पुढे गेला. ते काय आहे?
– एक वाचक, ठाणे

ती एका न झालेल्या कॅथेड्रलची पुढची भिंत. लोक तिला ‘फाच्चातोने’, म्हणजे मोठी दर्शनी भिंत, म्हणतात.

आज दिसतं ते काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कॅथेड्रल तेराव्या शतकात उभं राहिलं. आतला संगमरवरी प्रवचनमंच निकोला पिसानो आणि त्याच्या सोबत्यांनी १२६५ ते १२६८ मध्ये घडवला. दर्शनी भागाचं काम पुढे त्याचाच मुलगा जोव्हान्नी याने हाती घेतलं. १२६० साली मोंतापेर्तीच्या लढाईत सिएनाने फ्लॉरेन्सचा पराभव केला होता, गावात पैसा होता आणि मन मोठं झालं होतं. मग १३३९ साली त्यांनी ठरवलं की आहे हे कॅथेड्रल नव्याची नुसती आडवी भुजा ठरेल, एवढं मोठं देऊळ बांधायचं. खांब उभे राहिले, कमानी आल्या, पुढची भिंत वर चढली.

१३४८ मध्ये काळी महामारी आली. शहरातली निम्म्याहून अधिक माणसं गेली, असा बहुतेक इतिहासकारांचा अंदाज आहे. आन्योलो दी तूरा नावाच्या माणसाने त्या वर्षाची हकिकत लिहून ठेवली आहे. आपली पाच मुलं आपण स्वतःच्या हातांनी पुरली, असं तो त्यात लिहितो. कुणासाठी घंटा वाजत नव्हती, कुणी रडत नव्हतं, कारण प्रत्येकजण आपल्याच मरणाची वाट पाहत होता. मुलीने मला हे भाषांतर करून वाचून दाखवलं तेव्हा आम्ही दोघी त्या भिंतीच्या सावलीतच बसलो होतो.

सगळा दोष महामारीचा नाही. बांधकामही चुकलं होतं. खांब वरचा भार पेलत नव्हते. १३५७ मध्ये धोक्याचे भाग उतरवले आणि काम कायमचं थांबलं. मी बांधकामातली बाई, म्हणून सांगते : चुकलेलं काम वेळीच उतरवायला मोठं धाडस लागतं.

न झालेल्या चर्चच्या बाजूच्या कमानी भिंतींनी बंद करून तिथे आता संग्रहालय केलं आहे. त्यात दूच्चो या चित्रकाराने काढलेलं मारियेचं, म्हणजे येशूच्या आईचं, मोठं चित्र आहे. ९ जून १३११ रोजी ते चित्रकाराच्या घरून कॅथेड्रलपर्यंत सबंध गावाने मिरवत नेलं होतं. संग्रहालयातून अरुंद जिन्याने त्या भिंतीच्या माथ्यावर जाता येतं. वरून एका बाजूला झालेलं देऊळ दिसतं आणि पायाशी, न झालेल्या देवळाच्या जमिनीवर, गाड्या लावायची आखलेली जागा.

कॅथेड्रलमधल्या जमिनीवर संगमरवराची ५६ चित्रं आहेत. एरवी बरीचशी झाकलेली असतात. उन्हाळ्याच्या अखेरीस काही आठवडे सगळी उघडतात. जायची तारीख ठरवताना हे पाहून घ्या.

प्रश्न : सिएनाची घोड्यांची शर्यत टीव्हीवर पाहिली. अंगावर काटा आला, पण घोडे पडतात ते बघवलं नाही. अशी प्रथा चालू ठेवावी का? आणि एका झेंड्यावर चक्क हत्ती कसा?
– एक वाचक, कोल्हापूर

हत्तीचं आधी. सिएनाच्या जुन्या गावात १७ वस्त्या आहेत, त्यांना ‘कोंत्रादा’ म्हणतात. बव्हेरियाच्या व्हियोलांते बेआत्रीचे या राज्यपाल बाईंनी १७२९ साली त्यांच्या हद्दी आखून दिल्या, त्या आजही पाळल्या जातात. गरुड, सुरवंट, गोगलगाय, घुबड, साळिंदर, कासव, लाट, जंगल अशी त्यांची नावं. ‘तोर्रे’ म्हणजे मनोरा, आणि त्या कोंत्रादाचं चिन्ह पाठीवर मनोरा घेतलेला हत्ती.

शर्यतीचं नाव पालियो. २ जुलै आणि १६ ऑगस्ट असे तिचे दोन दिवस, दोन्ही मारियेच्या सणांशी जोडलेले. काम्पोच्या कडेने माती अंथरतात, तिच्यावरून खोगिराशिवाय तीन फेऱ्या, सगळं दीड मिनिटाच्या आत संपतं. सतरांपैकी दहाच धावतात. घोडे चिठ्ठ्या टाकून वाटतात. स्वार पडला आणि घोडा एकटा पहिला आला, तरी तो जिंकला. बक्षीस म्हणजे रंगवलेलं एक रेशमी वस्त्र.

माझी मुलगी हंसिणीच्या कोंत्रादात, फोंतेब्रांदाजवळच राहायची. हंसीण आणि मनोरा यांचं जुनं वैर. घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच बजावलं की मनोऱ्याच्या रंगाची ओढणी घालून या दारातून जायचं नाही. प्रत्येक कोंत्रादाचं आपलं चर्च, आपलं संग्रहालय, आपलं छोटं कारंजं. चर्चमधला बाप्तिस्मा वेगळा. कोंत्रादाच्या सणाला याच कारंज्याच्या पाण्याने बाळाला कोंत्रादात घेतात आणि गळ्यात रुमाल बांधतात. बाईंची नात तशी घेतली गेली तेव्हा मी तिथे होते. आजारी माणसाला डबा पोचवणं, म्हाताऱ्यांची विचारपूस करणं, हे वर्षभर कोंत्रादाची माणसं करतात.

आता तुमचा खरा प्रश्न. घोडे मेले आहेत, हे खरं आहे. प्राण्यांसाठी काम करणारे लोक अनेक वर्षं विरोध करत आले आहेत, तेही योग्यच. त्यानंतर सान मार्तीनोच्या धोक्याच्या वळणावर गाद्या लावल्या, घोड्यांची आधी वैद्यकीय तपासणी सुरू झाली, निव्वळ थरोब्रेड घोडे बंद करून मिश्र जातीचेच घेऊ लागले. मी एकदा चौकात उभी राहून शर्यत पाहिली. एक घोडा त्या वळणावर पडला. तो उठला, पण मी पुन्हा पाहायला जाणार नाही. माझ्या मते कोंत्रादा टिकायला हव्यात आणि घोड्याचा जीव त्यासाठी पणाला लागता कामा नये. सिएनाच्या माणसाला हे दोन वेगळे करता येतील असं वाटत नाही. घरमालकीणबाईंशी मी यावर दोन तास बोलले आणि आमचं एकमत झालं नाही. शर्यतीच्या दुपारी कोंत्रादाच्या चर्चमध्ये घोड्याला आत नेऊन आशीर्वाद देतात, “जा आणि जिंकून परत ये” असं त्याला म्हणतात. बाई त्या वेळी रडत होत्या, हे मी पाहिलं आहे.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. प्रशासनावरचं एक जुनं भित्तिचित्र सिएनात आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. थोडं सांगाल का?
– एक वाचक, लातूर

१२८७ ते १३५५ या काळात सिएनाचा कारभार नऊ जणांच्या मंडळाकडे होता. मुदत फक्त दोन महिन्यांची. तेवढे दिवस नऊही जणांनी काम्पोवरच्या नगरवाड्यात, म्हणजे पालाझ्झो पुब्लिकोत, राहायचं, घरी जायचं नाही. ते ज्या खोलीत बसत तिथे आंब्रोज्यो लोरेंझेत्तीने १३३८-३९ मध्ये तीन भिंती रंगवल्या. एका भिंतीवर न्यायदेवतेच्या तराजूपासून एक दोरी निघते. ती एकोप्याची देवता हातात घेते आणि पुढे २४ नागरिकांच्या हाती देते. त्या एकोप्याच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे. उंचसखल तासून सारखं करणारा. शेजारच्या भिंतीवर चांगल्या कारभाराचं गाव : चांभार दुकानात, गुरुजी वर्गात, गवंडी पराचीवर, शेतात कापणी. समोर वाईट कारभाराचं गाव. तिथे धंदा चालू आहे तो एकट्या हत्यारं घडवणाऱ्याचा. निर्णय घेताना मान वर केली की हे दिसायचं.

लोरेंझेत्ती बहुधा १३४८ च्या महामारीत गेला.

आणखी दोन गोष्टी टिपून ठेवा. १३०९-१० मध्ये सिएनाने आपले कायदे लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत लिहवून घेतले. लॅटिन न येणाऱ्या गरिबालाही वाचता यावेत म्हणून ठळक, सुवाच्य अक्षरात, असं मुद्दाम सांगून. आणि खजिन्याच्या हिशेबवह्यांना लाकडी पुठ्ठे असत, त्यांवर चित्रं रंगवलेली. सर्वांत जुना उरलेला पुठ्ठा १२५८ चा, त्यावर हिशेब सांभाळणारा साधू. ते पुठ्ठे सरकारी दफ्तरखान्यात पाहायला मिळतात. मी तिथे दुपारभर होते.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या. सिएना घेण्यात आपली माणसं होती का?
– एक वाचक, माणगाव

सिएनात ३ जुलै १९४४ रोजी फ्रेंच फौज शिरली. जुन्या गावाची मोठी हानी झाली नाही. पण तुम्ही माणगावहून विचारता आहात, म्हणजे तुमच्या मनात नाईक यशवंत घाडगे असणार. सिएना सुटल्यावर आठवड्याभराने, १० जुलै १९४४ ला, पूर्वेकडे उंब्रियात, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनच्या एका तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावत गेले, हातबाँब टाकला, टॉमीगनने एकाला पाडलं, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने उरलेले दोघे मारले. मग लपलेल्या शत्रूच्या गोळीने ते पडले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

तिथल्या मोंतोने या टेकडीवरच्या गावाने जुलै २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलं आहे, त्याचा अर्थ : आपण सारे एकाच सूर्याखाली. माझं अजून जाणं झालेलं नाही. पुढच्या खेपेला रायगडची थोडी माती घेऊन जायचं ठरवलं आहे.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. उपाशी राहू का?
– एक वाचक, पुणे

नाही. ‘पीची’ नावाच्या हाताने वळलेल्या जाड शेवया मागा, लसूण-टोमॅटोच्या रस्स्यात, म्हणजे ‘आल्य आल्योने’. साध्या पीचीत बहुधा पीठ आणि पाणीच असतं, तरी अंड्याचं विचारा. पाव अळणी असतो, तक्रार करू नका, तिकडची रीतच तशी. शिळा पाव, घेवडा आणि भाजी यांचं ‘रिबोल्लीता’ मिळेल, पण त्यात कुणी हाडाचा अर्क घालतात, म्हणून “सेंत्सा कार्ने?” असं विचारून घ्या. गोडात पानफोर्ते : बदाम, मध, मुरवलेल्या साली, दालचिनी, जायफळ. पूर्वी औषधी विकणारे गंधी ते बनवत. त्यात सहसा अंडं नसतं. रिच्चारेल्लीत मात्र अंड्याचा पांढरा असतो.

प्रश्न : माझे गुडघे दुखतात. सिएना म्हणजे चढउतार. मी येऊ का?
– एक वाचक, सांगली

या. रेल्वे स्टेशनपासून कामोल्लियाच्या वेशीपर्यंत सरकते जिने आहेत, फोंतेब्रांदाच्या बाजूनेही आहेत. नगरवाड्याच्या मनोऱ्याच्या चारेकशे पायऱ्या सोडून द्या, फाच्चातोनेही सोडा. चपटे बूट घाला, फरशी ओली झाली की निसरडी होते.

आणि काम्पोत निवांत बसा. चौक शिंपल्यासारखा आहे, विटांचा, पांढऱ्या दगडी रेघांनी नऊ पाकळ्यांत वाटलेला. त्या नऊ कारभाऱ्यांची आठवण. सगळा उतार नगरवाड्याकडे. पाऊस आला तर पळू नका, कडेच्या एखाद्या छताखाली खुर्ची धरा. नऊ पाकळ्यांवरचं पाणी विटांच्या सांध्यांतून ओघळत खाली येतं आणि वाड्यासमोरच्या ‘गाविनोने’ नावाच्या दगडी मोरीत उतरतं. मी छत्री धरून तिच्यापाशी उभी राहून पाहिलं आहे. सात महिन्यांत चौकात डबकं साचलेलं मला एकदाही दिसलं नाही.